धूर वरच जातो ना, ताई?

मला कुणी नकली शेगडी विकली नाही. शेगडी आम्हीच घेतली होती, जाड ओतीव लोखंडाची, समोर काच, लाकूड आणि कोळसा दोन्ही चालेल अशी. तिच्यात आजही खोट नाही. मी फसले ते तिच्या वरच्या पाइपात, आणि त्यातही छत ओलांडून माळ्यावर गेल्यावर जो दिसेनासा होतो त्या तुकड्यात. पैसे मी दिसणारं काम बघून दिले, चोरी न दिसणाऱ्या कामात झाली.

बसवणारा ओळखीतून मिळाला. अगदी डोळे मिटून काम दिलं असंही नाही. आधी त्याने काम केलेल्या दोन घरांचे नंबर मागून घेतले, दोन्हीकडे फोन केले. दोघींनी तोंड भरून कौतुक केलं. वेळेवर आला, पसारा केला नाही, घर मस्त ऊबदार झालंय. बसवून किती दिवस झाले, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

पाहणीला आला तेव्हा त्याने खिशातून टेपसुद्धा काढली नाही. खोलीच्या मधोमध उभा राहून वर बघितलं, बाहेर जाऊन छपराकडे बघितलं, झाली पाहणी. शेगडी आठ किलोवॅटची घ्या म्हणाला. "मोठीच घ्या, पस्तावणार नाही." आमची खोली चार बाय पाच मीटर, उंची अडीच. म्हणजे ५० घनमीटर. ठोकताळा असा आहे की बऱ्यापैकी बंदिस्त घरात दर १४ घनमीटरला एक किलोवॅट पुरतो. आम्हाला चारची शेगडी भरपूर होती. हा हिशोब मी नंतर शिकले. मोठ्या शेगडीने नुसती खोली भट्टीसारखी तापते असं नाही. तापते म्हणून आपण हवेची झडप आवळून ठेवतो, मग लाकूड जळत नाही, धुमसतं. धुमसणाऱ्या लाकडाचा धूर ओला आणि चिकट असतो, आणि तोच पाइपात डांबर होऊन बसतो.

पाइप लाकडी वाशांच्या मधून जाणार, काही अडचण नाही ना, असं मी विचारलं होतं. तो हसला. "ताई, धूर कुठं जातो? वरच जातो ना? मग झालं तर." मलाही हसू आलं. एखादा माणूस इतक्या सहज बोलतो तेव्हा आपण शंका काढतोय याचीच लाज वाटते.

निम्म्याहून जास्त रक्कम "माल आणायला" म्हणून आधी घेतली. काम एका दिवसात उरकलं, आणि नेमकी त्या दिवशी मी घरी नव्हते. संध्याकाळी आले तर छताचं भोक जिप्सम बोर्डने बंद, वर रंगाचा हात, पाइपाभोवती चकचकीत गोल कडी. समोर शेगडी पेटलेली. सासूबाई काचेसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. उरलेले पैसे मी तिथल्या तिथे दिले. पावती म्हणून वहीतलं एक पान मिळालं: "शेगडी फिटिंग, पाइपसहित, काम पूर्ण." पाइप कुठल्या बनावटीचा, व्यास किती, चाचणी कुठली केली, काही नाही. प्रमाणपत्र आठवड्याभरात पाठवतो म्हणाला.

पहिले दोन-तीन दिवस रंग जळाल्यासारखा वास येत होता. फोन केला तर म्हणाला, नव्या शेगडीचा रंग तापून पक्का होतो, खिडकी उघडा. हे खरंच आहे, कुठल्याही नव्या शेगडीचं असं होतं. पण नंतर प्रत्येक तक्रारीला त्याने हेच उत्तर दिलं. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावला की शेगडीच्या दारातून धूर खोलीत यायचा. "नवी आहे, बसेल." वारा सुटला की धूर परत खाली यायचा. "नवी आहे." महिन्याभराने तिसऱ्या सांध्यातून एक काळा ओघळ उतरला, चकचकीत, काकवीसारखा, पण वास जळक्या डांबराचा. तेव्हा म्हणाला, तुमची लाकडं ओली असतील.

लाकडं ओली होती, हे मी कबूल करते. नंतर ओंडका फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजला तर २८ टक्के निघाला. २० च्या खाली हवा. चांगला फसवणारा पूर्ण खोटं बोलत नाही, आपल्याच चुकीचा एक तुकडा उचलून आपल्या हातात ठेवतो आणि आपण ओशाळून फोन ठेवतो.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते वेगळंच. सासूबाई त्याच खोलीत झोपायच्या. सकाळी उठल्या की डोकं जड, मळमळ, जरा चाललं की दम. दुपारी अंगणात बसल्या की बऱ्या व्हायच्या. आम्ही त्यांचं बीपी तपासत राहिलो. ताप नाही, सर्दी नाही, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतं, ही लक्षणं कुठे बोट दाखवतात हे घरातल्या एकाही शिकल्या-सवरल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं, म्हणून थोडाथोडा वायूही रात्रभरात पुरेसा होतो. रात्री झडप आवळून निखारे धुमसत ठेवायचे, वर पाइप नीट ओढत नाही, खोली बंद. आम्ही स्वतःच्या हाताने ते रोज करत होतो. घरात हा वायू ओळखून वाजणारा अलार्म नव्हता. त्याने सुचवला नाही आणि मीही विचारला नाही.

शेवटी ओघळ पुसून कंटाळले आणि धुराडी साफ करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावलं. साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांनी शेगडीकडे बघितलंच नाही. आधी ओघळ बघितला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाइप उलटे बसवलेत."

मग त्यांनी समजावलं. पाइपाच्या दोन टोकांपैकी निमुळतं टोक खाली यायला हवं, खालच्या पाइपाच्या पोटात. म्हणजे आतून जे ओघळेल ते आतल्या आतच शेगडीत परत जातं आणि जळून जातं. आमच्याकडे निमुळती टोकं वर होती. प्रत्येक सांध्याला ओघळ बाहेर पडायला मोकळी वाट. मी म्हटलं, पण धूर वर जातो म्हणून तसं केलं असेल. ते म्हणाले, "धूर वर जातो, डांबर खाली येतं. ज्याला दुसरं माहीत नाही त्याने पहिल्याला हात लावू नये."

त्यांनी आधी आग विझवायला लावली, खिडक्या उघडायला लावल्या आणि मग माळ्यावर चढले. मागून मी. लग्नानंतर पहिल्यांदा त्या माळ्यावर गेले असेन. टॉर्चच्या उजेडात पाइप दिसला. खोलीत काळा तुकतुकीत होता, इथे करडा. काळा रंग छतापर्यंतच मारलेला. मिस्त्रींनी खिशातून एक लहान लोहचुंबक काढलं आणि पाइपाला लावलं. टक्क करून चिकटलं.

माळ्यावरून आणि छपरातून जाणारा पाइप दुपदरी लागतो: आत-बाहेर स्टेनलेस स्टील, मधे उष्णतारोधक भरण. चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक सहसा चिकटत नाही. आमचा होता तो एकपदरी, जस्ताचा मुलामा दिलेला, हवा खेळवायच्या कामात वापरतात तसला पातळ पत्रा. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं. पाइपात साचलेल्या डांबराने पेट घेतला तर आत हजार अंशांच्या वर जातं. मिस्त्रींनी लगेच सावधही केलं, की चुंबक म्हणजे पक्का पुरावा नव्हे, काही चांगल्या पाइपांचा बाहेरचा पदर चुंबकाला धरतो. खरा पुरावा पाइपावरचा शिक्का. युरोपीय मानकाच्या पाइपावर टी ४५० किंवा टी ६०० असं तापमानाचं चिन्ह असतं आणि पुढे जी अक्षर. जी म्हणजे आत काजळी पेटली तरी टिकणारा. त्यापुढचा आकडा म्हणजे लाकडापासून किती मिलिमीटर लांब ठेवायचा. जी ५० असेल तर पाच सेंटिमीटर. आमच्या पाइपावर शिक्का तर नव्हताच, बारकोडचं अर्धं फाटलेलं कागद चिकटलेलं होतं.

आणि वासा. पाइपापासून दोन बोटं अंतरावर. दीड फूट हवं होतं. एकपदरी पाइपापासून जळण्यासारखी कुठलीही वस्तू लांब ठेवायला अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे मानक १८ इंच सांगतं, आणि असा पाइप छतातून किंवा माळ्यातून नेऊच नये असंही. वाशाची पाइपाकडची बाजू चॉकलेटी झाली होती, मधोमध हाताच्या पंजाएवढा काळा डाग. मी नख लावलं तर भुगा पडला. लाकूड एरवी अडीचशे-तीनशे अंशांना पेटतं. पण आठवडेच्या आठवडे शेकत राहिलं की आतून कोळशासारखं होत जातं आणि त्याहून खूप कमी उष्णतेला धरतं. अशी आग पहिल्या दिवशी लागत नाही. म्हणूनच पहिल्या आठवड्यातलं कौतुक फुकट असतं.

खाली, जिप्सम बोर्डामागे, भोकाच्या चारही बाजूंना लाकडी पट्ट्या होत्या, पाइपाला जवळजवळ टेकलेल्या. चकचकीत कडीने ते सगळं छान झाकलं होतं.

त्याला फोन केला. पहिल्यांदा उचलला, "येऊन बघतो ताई," म्हणाला. फोटो पाठवले, त्यानंतर फोन बंद. दुसऱ्या नंबरवरून लावला, आवाज ओळखून ठेवून दिला. तक्रार केली आहे. कागद म्हणून वहीतलं ते पान आणि माझ्याकडचे फोटो. पाइपाचा उल्लेख पानावर नुसता "पाइपसहित" असा आहे, म्हणजे त्याने पाइप तर दिलाच. शब्द किती विचार करून लिहिला होता ते आता कळतं. पैसे परत मिळतील असं मी धरून चाललेले नाही.

काम नव्याने त्याच मिस्त्रींनी केलं. तीन दिवस लागले आणि छत त्यांनी सगळ्यात शेवटी, मी वर जाऊन फोटो काढल्यावर बंद केलं. जळका वासा कापून नवा जोडला, पाइपाभोवती शिक्क्यावर दिलेलं अंतर मोजून सोडलं. धुराड्याचं तोंड आधी छपराच्या कण्याच्या खाली होतं, म्हणून वारा धूर परत ढकलायचा. ते वाढवलं: छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा दोन फूट उंच. शेगडी बदलून लहान घेतली, जुनी पडत्या भावात गेली.

चाचणी मात्र बघण्यासारखी होती. त्यांनी शेगडीत धुराची गोळी पेटवली, दार लावलं, मला टॉर्च धरायला लावून प्रत्येक सांध्याभोवती प्रकाश फिरवला. एकही तंतू बाहेर नाही. मग शेगडी पेटवली, सगळी दारं-खिडक्या बंद केल्या, एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेगाने सोडला आणि काडी पेटवून शेगडीच्या दाराच्या फटीशी धरली. ज्योत आत ओढली जायला हवी. ती बाहेर, आमच्याकडे झुकली. मला वाटलं परत फसलो. ते म्हणाले, पाइप चांगलाय, घरातच हवा पुरत नाहीये. भिंतीत कायम उघडी राहणारी जाळी बसवली. परत काडी. ज्योत आत वाकली. पहिल्या बसवणाऱ्याने ही काडी ओढली असती तर सासूबाईंची डोकेदुखी वाचली असती, आणि काडी तर त्याच्या खिशातही होती.

अलार्म शेगडीपासून दोन मीटरवर आहे (एक ते तीन मीटर सांगतात), सासूबाई आता झोपतात त्या खोलीत दुसरा. हवेत कार्बन मोनॉक्साइड ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) झालं तर तीन मिनिटांत वाजतो. त्यांना त्याचा हिरवा दिवा रात्री डोळ्यात जातो. जाऊ दे म्हटलं.

हे लिहायला बसले त्याला कारण गेल्या आठवड्यातला एक फोन. अनोळखी बाई. "तुमच्याकडे शेगडीचं काम त्यांनी केलंय ना? तुमचा नंबर दिलाय त्यांनी. कसं झालंय?"

शेगडी नवीन असताना, घर मस्त ऊबदार झालेलं असताना, त्याने माझाही नंबर वहीत लिहून ठेवला होता. बाईंना मी अर्धा तास सोडलं नाही. मग ज्या दोघींना मी तेव्हा फोन केला होता त्यांचे नंबर शोधले. एकीचा लागला नाही. दुसरीने उचलला, आधी ओळखलंच नाही. मी विचारलं, "त्या वेळी मी फोन केला तेव्हा तुमची शेगडी बसवून किती दिवस झाले होते हो?"

"चार-पाच दिवस. का?"

"आता पाइपाच्या सांध्यातून काळं काही ओघळतं का?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "ते पावसाचं ना?"

मी तिला शेगडी विझवायला, खिडक्या उघडायला आणि माळ्यावर चढायला सांगितलं. चुंबक नाही म्हणाली. मग आठवलं, फ्रिजवर आहे. फोन तसाच चालू ठेवून ती शिडी आणायला गेली.