केळीच्या खांबाचा कागद: साचा वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर घरी हातकागद काढायला ए-४ मापाचा सागवानी साचा मागवला. थंडी, उन्हाळा आणि आता पावसाळा, तिन्ही हंगामांत त्यावर कागद काढून झालाय, म्हणून लिहितेय.

दोन चौकटी येतात, खालची जाळीची आणि वरची मोकळी. लाकूड इतकं पाण्यात राहूनही फुगलं नाही की वाकलं नाही. जाळी मात्र मधोमध सैल पडली आणि कागद मध्ये जाड, कडेला पातळ येऊ लागला. विकणाऱ्याने 'वापरलेला माल बदलत नाही' म्हणून हात वर केले. शेवटी हार्डवेअरमधून स्टीलची बारीक जाळी आणली आणि सुताराकडून ताणून बसवून घेतली. ती अजून कडक आहे.

रावेर-यावलकडच्यांना कच्च्या मालाची काय वाण! घड कापून नेला की खांब बांधावर सडत पडतो. त्याची सोपटं सोलायची, बोथट सुरीने गर खरवडायचा आणि धागा वाळवायचा. वाळल्यावर त्याचे बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडे करायचे. हे कंटाळवाणं काम टाळू नका, कारण लांब धागा मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो आणि मोटर तापते. १०० ग्रॅम कोरड्या धाग्याला साधारण २० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास उकळायचं. भांडं स्टीलचंच घ्या, सोडा ॲल्युमिनियम खातो. ओढल्यावर धागा सहज तुटला की शिजला समजायचं, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा आणि मिक्सरमध्ये वाटून लगदा करायचा. नुसत्या केळीचा कागद करकरीत, थोडा ताठर होतो. जुन्या सुती कपड्यांचा लगदा निम्मा मिसळला की तो मऊ पडतो आणि घडीही नीट बसते. वर्तमानपत्राचा कागद करड्या रंगाचा येतो आणि लवकर पिवळा पडतो. मी तो आता घेतच नाही.

जाडी मोजायला ए-४चा एक वाळलेला कागद काट्यावर ठेवा आणि ग्रॅमला १६ने गुणा. १० ग्रॅम भरला तर १६० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला १६० ग्रॅम. पत्रिकेला तेवढा पुरतो.

खरी कसोटी वाळवण्यात आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. उन्हात ठेवलेल्या कागदाच्या कडा आधी वाळतात, मधला भाग ओला राहतो आणि कागद पापडासारखा वळतो. मी मांजरपाटावर उलटलेला कागद दाबून पाणी काढते आणि सावलीत काचेवर चिकटवते. काचेकडची बाजू गुळगुळीत निघते.

पेनाने लिहायचं असेल तर खळ लावावीच लागते, नाहीतर शाई पसरते. मी तांदळाची पातळ खळ ब्रशने लावते, वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटते. आपलं एरंडोल एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं, इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात तशी नोंद आहे. जुने कागदी कारागीरही कागद असाच खळ लावून घोटत. घोटलेल्या कागदावर टाक सरसर चालतो; हा आनंद मला बाजारच्या कुठल्याच कागदाने दिलेला नाही. तुरटी मात्र मी घालत नाही. तिने कागदात आम्लता येते आणि तो वर्षागणिक ठिसूळ होतो.

पावसाळ्यात लगदा दुसऱ्याच दिवशी आंबतो. उरला तर पिळून गोळे करून फ्रीजरमध्ये ठेवा. मोरीत मुळीच ओतू नका, पाइप तुंबतो. गाळलेलं पाणी झाडांना चालतं, पण सोड्याचं पहिलं पाणी नाही. नवीन घेणाऱ्यांनी ए-५चा साचा घ्यावा. छोट्या टबात मावतो, हातही लवकर बसतो.