आडनावाची फ्रेम घ्या, पण ढाल काढायला लावा

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका गिफ्टच्या दुकानात आडनावाच्या फ्रेम करून मिळतात. वर ठळक अक्षरांत आडनाव, मध्ये ढाल आणि सिंह, खाली त्या आडनावाचा इतिहास, आणि सगळं जुन्या पिवळसर कागदासारखं दिसेल असं छापलेलं. लाकडी चौकटीसकट 1,450 रुपये. मराठी आडनावांच्या जास्त खपतात, पण इंग्रजीही करतात. त्यांचा मजकूर तयार फाइलमध्ये बाहेरून येतो. दुकानदार फक्त छापतो, म्हणून दुकानाचं नाव इथे देत नाही.

माझ्या लेकीचं सासर इंग्लंडात यॉर्कशरमध्ये, हडर्सफील्डजवळ. आडनाव वॉकर. व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच नाशिकला येणार होते. पैठणी घेतली होती, तांब्याचा घडा घेतला होता, त्यांच्यासोबत ही फ्रेम द्यायचं ठरवलं.

छपाईला नावं ठेवायला जागा नाही. शाई कुठे फुटलेली नाही, चौकटीचे कोपरे सफाईने जोडलेत, मागे टांगायला दोन कड्या आहेत. कारागिरीला माझे पैकीच्या पैकी गुण. माझी तक्रार मजकुराची आहे. ‘वॉकर म्हणजे कापड तुडवणारा’ एवढी एकच ओळ कामाबद्दल, आणि पुढे ढालीचा रंग, सिंहाचा पंजा, घराण्याचं शौर्य. आडनावातली सगळी श्रीमंती त्या एका ओळीत होती आणि तिथेच हात आखडता घेतला.

माझं माहेर तांबटांचं, जुन्या नाशकातलं. धंद्यावरून आडनाव पडतं म्हणजे काय, ते मी घरात पाहिलंय. भांडं मठारताना बसणारा एकेक ठोका, त्यासाठी वाकलेली पाठ, संध्याकाळी न उघडणारी बोटं, हे सगळं त्या तीन अक्षरांत असतं. म्हणून ‘कापड तुडवणारा’ वाचून मी थांबले आणि व्हिडिओ कॉलवर व्याह्यांनाच विचारलं. त्यांचे आजोबा लोकरीच्या गिरणीत होते. त्यांनी अर्धा तास मन लावून सांगितलं. नंतर मीही वाचलं.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. तेल निघावं आणि धागे एकमेकांत गुंतून कापड दाट व्हावं, म्हणून ते मोठ्या हौदात घालून पायांनी तासन् तास तुडवत. पाण्यात शिळं मूत्र मिसळत, कारण त्यातला अमोनिया तेल सोडवतो. सोबत माती टाकत, आपण चेहऱ्याला लावतो तीच मुलतानी माती. कापड आटायचं, जाड व्हायचं, मग ते ओलं ओझं मैदानात लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळवायचं. त्या चौकटींना टेंटर म्हणत, आणि त्या भागातल्या काही रस्त्यांच्या नावांत तो शब्द अजून आहे. थंड मुलखात, उघड्या पायांनी, त्या वासात उभं राहून ज्यांनी इंग्लंडची लोकर जगात विकण्याजोगी केली, ते हे वॉकर. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले, तरी नाव तुडवणाऱ्याचंच राहिलं. आडनाव म्हणून ते तेराव्या शतकातल्या नोंदींत सापडतं.

मला सगळ्यात आवडलं ते असं, की याच कामाला इंग्लंडात तीन आडनावं आहेत. उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर, आग्नेयेकडे फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. आडनाव ऐकून पूर्वज कुठल्या बाजूचे असतील याचा अंदाज बांधता येतो. कसमादे म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात देवरे, पगार, आहेर ऐकलं की आपण नाही का विचारत, कळवण की सटाणा? स्कॉटलंडमध्ये गेलिक भाषेतलं याच धंद्याचं नाव पुढे वॉकर असंच लिहिलं जाऊ लागलं, त्यामुळे सगळे वॉकर एका मूळ पुरुषाचे असणं शक्यच नाही. जिथे जिथे लोकर होती तिथे तिथे ते वेगवेगळे उगवले. इंग्लंडात हे पहिल्या वीस आडनावांत बसतं, आणि अमेरिकेच्या 2010 च्या जनगणनेत पाच लाखांहून जास्त वॉकर मोजले गेले.

आपल्याकडे वॉकर म्हटलं की लोकांना बाटली आठवते. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकला 1820 मध्ये किराणा दुकान थाटणाऱ्या जॉन वॉकरचं ते नाव, आणि त्या व्हिस्कीवरूनच बद्रुद्दीन काझी आपले लाडके जॉनी वॉकर झाले. बाटलीवर झपझप चालणारा माणूस असल्याने आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असाच वाटतो. फ्रेमवाल्यांनीही कोपऱ्यात छोटा चालणारा माणूस टाकलाय. तो तिथे नको.

आता ढालीबद्दल, कारण हे प्रत्येक इंग्रजी आडनावाच्या फ्रेमला लागू आहे. लंडनमध्ये कॉलेज ऑफ आर्म्स नावाची संस्था आहे, 1484 पासूनची. इंग्लंडमधली मानचिन्हं, म्हणजे अशी ढाल-सिंहाची चिन्हं, तीच देते, आणि तिचं म्हणणं स्पष्ट आहे: आडनावाला मानचिन्ह नसतं. ते एका माणसाला मिळतं आणि त्याच्या थेट पुरुष वंशजांकडे जातं. वॉकर नावाच्या कुणा एकाला कधी मिळालं असेल, म्हणून हडर्सफील्डच्या गिरणी कामगाराच्या नातवाला ते लावणं चूक आहे. दुसऱ्याचं मानचिन्ह आपण पाहुण्यांना भेट म्हणून देतो, आणि त्यांच्या आजोबांचं खरं काम मात्र एका ओळीत उरकतो. मला हे मनापासून खटकलं.

दुकानात नमुना म्हणून जॅक्सनची फ्रेम लावली आहे. नाशिककराला हे आडनाव वेगळं सांगायला नको. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेतच शिकतो. जॅक्सन म्हणजे जॅकचा मुलगा, आणि जॅक हे जॉनचं घरगुती रूप. फ्रेमवर हे बरोबर छापलंय, पण त्यालाही सिंह आहेच.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फरक लगेच कळेल. तिथे आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न मूळ गावाचा असतो. मग वहीतून आजोबा-पणजोबांची नावं निघतात, कधी त्यांच्या हातची सही. शौर्याचा शब्द नसतो, तरी डोळे भरून येतात. फ्रेमला दोनदोन हजार घालवण्याआधी आपल्या घराण्याची नामावळी एकदा पाहून या, असं मी सांगेन.

इंग्रजी आडनावासाठी तशी वही पॅरिश रजिस्टरची, म्हणजे गावच्या चर्चमधली नोंदवही. बाप्तिस्मा, लग्न, दफन, 1538 पासूनची, जिथे जपली गेली तिथे. 1 जुलै 1837 पासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी, आणि 1841 पासूनच्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावं आणि व्यवसायही मिळतात. 1931 ची जनगणना 1942 च्या आगीत जळाली, 1941 ला युद्धामुळे झालीच नाही. 1921 ची मात्र 2022 पासून खुली आहे. लेकीने तीत जावयाच्या पणजोबांचं पान काढलं. व्यवसायाच्या रकान्यात लोकरीची गिरणी लिहिलेली आहे.

मग मी दुकानात परत गेले. “मावशी, ढाल काढली तर मध्ये रिकामं दिसेल,” दुकानदार म्हणाला. मी त्याला 1921 च्या पानाची प्रत दिली आणि मजकूर लेकीकडून नव्याने लिहून घेतला. त्यात हौद, माती, टेंटर, फुलर-टकर, सगळं आलं. त्याने तक्रार न करता बदल केला, 300 रुपये जास्त घेतले, आणि दोन दिवसांचं सांगून दोन दिवसांत दिलं. माणूस चांगला आहे, सांगाल तसं करून देतो. म्हणून दुकानाला पाचपैकी चार, आणि तयार मजकुराला एक.

फ्रेम परदेशी जाणार असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक मागा, 150 रुपये वेगळे पडतात. ऑर्डर देतानाच इंग्रजी मजकूर व्हॉट्सॲपवर मागवून वाचा. नंतर बदलला तर पूर्ण छपाईचे पैसे लागतात.