स्टॅक की चेन: मध्येच कार्ड टाकता येतं का?

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर ‘मॅजिक’ हा कार्डांचा खेळ खेळणारा ‘यु-गि-ओ’ या दुसऱ्या कार्डांच्या खेळाकडे वळला की वाद हमखास इथेच होतो. एकमेकांना उत्तर म्हणून टाकलेल्या कार्डांच्या रांगेला मॅजिकमध्ये स्टॅक म्हणतात, यु-गि-ओत चेन. दोन्हीकडे शेवटी टाकलेलं कार्ड आधी लागू होतं. पण १९९९मध्ये आलेल्या मॅजिकच्या स्टॅकमध्ये एक कार्ड लागू झालं की दोघांनाही पुन्हा संधी मिळते. तिथेच नवं इन्स्टंट, म्हणजे अशा मधल्या संधीतही टाकता येणारं कार्ड, टाका. यु-गि-ओची चेन सुटायला, म्हणजे तिच्यातली कार्डं एकेक करून लागू व्हायला लागली की संपेपर्यंत मध्ये काहीच घालता येत नाही. जे जोडायचं ते आधीच जोडा!

यु-गि-ओतल्या ‘मिस्टिकल स्पेस टायफून’ या कार्ड फोडणाऱ्या कार्डाने समोरचं साधं स्पेल (एकदा लागू होऊन संपणारं मंत्राचं कार्ड) फोडलं म्हणजे त्याचा परिणाम रद्द झाला, हा समजही चूक. कंटिन्युअससारखं, मैदानावर टिकावंच लागणारं कार्ड असेल तरच तो परिणाम अडतो.

नवशिक्याला मी आधी मॅजिकच शिकवेन. तिथे विचार करायला उसंत मिळते.