सुटून आलेल्या माणसाची नोंद शोधायची कुठे? अमेरिकेतले पर्याय शेजारी शेजारी ठेवून

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या वहिनींनी गेल्या हिवाळ्यात त्यांचा कॉन्डो भाड्याने द्यायला काढला. एक अर्ज आला. पगाराच्या स्लिपा ठीक, क्रेडिट ठीक. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, "माणूस आत जाऊन आलाय म्हणे." वहिनींनी रात्री अकराला क्रेडिट कार्ड काढलं आणि दोन मिनिटांत कुणाचीही कुंडली मांडून देणाऱ्या एका साइटवर पैसे भरले. कुंडली आली. घरफोडी, फ्लोरिडाच्या राज्य तुरुंगात चार वर्षं. सकाळी सातला मला फोन. "अगं, नाही म्हणून टाकू का?"

मी वकिलाच्या ऑफिसात कागदपत्रं बघते, त्यामुळे असले फोन मलाच येतात. चहा गाळता गाळता फ्लोरिडाच्या तुरुंग खात्याची साइट उघडली आणि तेच नाव टाकलं. फुकट. नोंद निघाली, फोटोसकट. उंची सहा फूट दोन इंच, डाव्या दंडावर खंजीर गोंदलेला. वहिनींचा भाडेकरू घर बघायला आला तेव्हा मीही तिथे होते, तो जेमतेम माझ्या उंचीचा. नाव आणि आडनाव तेच, मधलं अक्षर वेगळं, जन्मसाल वेगळं.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "तुला नेमकं कशासाठी हवंय?" कारण पाच-सहा रस्ते आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

आधी जेल आणि प्रिझन

इथे बहुतेक राज्यांत जेल म्हणजे काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), प्रिझन म्हणजे राज्याचं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर कच्चे कैदी आणि थोड्या शिक्षेचे लोक जेलमध्ये, लांब शिक्षेचे पक्के कैदी प्रिझनमध्ये. न्यू जर्सीत ३६४ दिवसांपर्यंतची शिक्षा काउंटी जेलमध्ये भोगतात, त्यावर गेली की राज्याकडे. याशिवाय केंद्राचे, म्हणजे फेडरल तुरुंग वेगळे. त्यांच्या शोधसाइटवर १९८२ पासूनचे कैदी सापडतात. तेव्हा राज्याच्या साइटवर नाव नाही याचे अर्थ बरेच होतात. तो काउंटी जेलमध्ये असेल, फेडरलमध्ये असेल, शेजारच्या राज्यात असेल, किंवा कुठेच गेलेला नसेल.

तुरुंग खात्याची साइट: फुकट, खरी, पण प्रत्येक राज्याची तऱ्हा न्यारी

सुटलेल्या माणसाबद्दल विचाराल तर सुरुवात मी इथूनच करते. माहिती थेट खात्याची, मधे दलाल नाही. फोटो, कैदी क्रमांक, गुन्ह्याचं कलम, कोणत्या काउंटीत शिक्षा झाली, आत कधी गेला, बाहेर कधी आला. बहुतेक राज्यांत नुसत्या अटकेवरून इथे नोंद होत नाही, शिक्षा होऊन राज्याच्या ताब्यात आलेल्यांचीच होते. माझ्या मते ही मोठी जमेची बाजू.

अडचण अशी की सुटल्यावर नोंद ठेवायची की काढायची, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. टेक्सासच्या शोधात फक्त आत्ता आत असलेले दिसतात. माणूस काल सुटला असेल तर आज नाव टाकून काही मिळणार नाही. कॅलिफोर्नियाची साइटही सध्या ताब्यात असलेल्यांचीच. मिशिगन देखरेख संपल्यावर तीन वर्षं नोंद दाखवतं, मग काढून टाकतं. न्यूयॉर्कची यादी १९७० च्या दशकापर्यंत मागे जाते, पण हिंसा नसलेल्या काही गुन्ह्यांतले लोक शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली की तिथून वगळले जातात. दुसऱ्या टोकाला नॉर्थ कॅरोलायना, तिथे १९७२ पासूनच्या नोंदी उघड्या आहेत. आणि फ्लोरिडा, जिथे सुटलेल्यांसाठी वेगळाच शोध आहे, ऑक्टोबर १९९७ पासून पुढचा.

फ्लोरिडाची साइट पहिल्यांदा बघणारा आपला माणूस गडबडतोच. गोंदण कुठे, व्रण कुठे, टोपणनावं कोणती, आणि सुटताना 'मी इथे राहायला जाणार' म्हणून सांगितलेला पत्तासुद्धा. मला ते पटत नाही. त्या पत्त्यावर बहुतेक वेळा आई किंवा बहीण राहत असते, तिचा काय गुन्हा? पण ओळख पटवायला गोंदण आणि उंचीसारखा पुरावा नाही, हेही तितकंच खरं. वहिनींचा प्रश्न त्यानेच सुटला.

थोडक्यात, फ्लोरिडा किंवा नॉर्थ कॅरोलायनात 'सापडला नाही' याला काहीतरी वजन आहे. टेक्सासमध्ये सुटलेल्या माणसाबद्दल त्या उत्तराला शून्य किंमत.

कोर्टाची नोंद: कष्टाची, पण पूर्ण

तुरुंगाची साइट 'किती दिवस' सांगते, कोर्टाची नोंद 'काय आणि कसं' सांगते. आरोप काय होता, तडजोड होऊन कशावर आला, शिक्षा किती, पुढे अपिलात काय झालं. प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सुटलेला माणूस तुरुंगात गेलेलाच नसतो, तो बऱ्याच राज्यांत फक्त इथेच दिसतो.

खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पेनसिल्व्हेनियात राज्यभरच्या कोर्टांची डॉकेट, म्हणजे खटल्यांच्या नोंदी, नावावरून फुकट बघता येतात, आणि तिथल्या राज्य पोलिसांकडून अधिकृत तपासणी हवी तर २२ डॉलर. न्यूयॉर्कच्या कोर्टांकडून राज्यभराचा शोध हवा तर ९५ डॉलर, तोही नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळली तरच. न्यू जर्सीत सुपीरियर कोर्टातल्या शिक्षांचा शोध फुकट आहे. त्या पानाचं रूप वीस वर्षांपूर्वीचं आहे, त्याकडे दुर्लक्ष करा.

निर्णयाचा परिणाम मोठा असेल, म्हणजे कुणाला घर, नोकरी किंवा मुलांचा ताबा मिळण्या-न मिळण्याचा प्रश्न असेल, तर तुरुंगाच्या साइटवर थांबू नका, कोर्टापर्यंत जा. नोंद ऑनलाइन नसेल तर काउंटीच्या क्लार्ककडे. माहिती अधिकाराचा अर्ज हाही एक रस्ता आहे. न्यू जर्सीचा उघड्या नोंदींचा कायदा २००२ चा, उत्तराला कामाचे सात दिवस. पण सुटकेची तारीख कळायला अर्ज करणं म्हणजे घरासमोरच्या दुकानात टॅक्सीने जाणं.

व्हाइन: हा शोध नाही, ही घंटा आहे

व्हाइन म्हणजे सुटकेची सूचना देणारी यंत्रणा. याची तुलना बाकीच्यांशी करणं चूकच, तरी लोक करतात म्हणून सांगते. डिसेंबर १९९३ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिलला एका तरुणीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून झाला. खुनी तिचा पूर्वीचा मित्र, तिच्यावरच्याच अत्याचारासाठी जेलमध्ये होता. तो बाहेर आल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. त्यातून पुढच्या वर्षी ही यंत्रणा उभी राहिली आणि आता बहुतेक राज्यांत आहे. आत असलेल्या माणसाच्या नावापुढे तुम्ही तुमचा फोन किंवा ईमेल नोंदवायचा. तो सुटला, हलवला गेला किंवा पळाला की कळवतात. फोन आल्यावर तुमचा पिन टाकायचा, नाहीतर परत परत वाजत राहतो. नोंदणी केल्याचं त्याला कळत नाही.

नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या दोन मैत्रिणींना मी हे लावून दिलंय. त्यांच्यासाठी बाकीचे सगळे पर्याय एकीकडे आणि हा एकीकडे. मात्र माणूस आत असतानाच नोंदवायला हवं. वर्षापूर्वी सुटलेल्याची माहिती काढायला याचा फारसा उपयोग नाही.

लैंगिक गुन्हेगारांची सूची

व्याप्ती अरुंद, पण त्या व्याप्तीत पक्की. १९९४ मध्ये न्यू जर्सीतल्याच हॅमिल्टनमध्ये सात वर्षांच्या मेगन कांकाच्या खुनानंतर अशी सूची उघडी करणारा 'मेगन्स लॉ' आला, १९९६ मध्ये देशभर. राज्याची सूची बघता येते आणि सगळ्या राज्यांचा एकत्र शोध घेणारी केंद्राची साइटही आहे. न्यू जर्सी कमी धोक्याच्या श्रेणीतल्यांना साइटवर टाकत नाही, त्यामुळे सूचीत नाव नाही म्हणजे काहीच घडलं नव्हतं असं धरू नका. ही माहिती वापरून कुणाला त्रास दिलात तर तो तुमचा गुन्हा होतो.

खासगी साइट आणि खासगी तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी

वहिनी फसल्या त्या इथे. झटपट कुंडलीवाल्या साइटच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आम्ही 'कन्झ्युमर रिपोर्टिंग एजन्सी' (कायद्याने बांधलेली तपासणी कंपनी) नाही, भाडेकरू किंवा नोकर निवडायला हा अहवाल वापरू नये. म्हणजे ज्यासाठी माणूस पैसे भरतो, नेमकं तेच करायचं नाही! या साइट ठिकठिकाणचा डेटा गोळा करून नावावरून चिकटवतात. महाराष्ट्रात 'संजय पाटील' शोधल्यावर जे होईल तेच न्यू जर्सीत 'होजे रॉड्रिगेझ' शोधल्यावर होतं. शिवाय कोर्टाने पुसून टाकलेली नोंद त्यांच्याकडे तशीच पडून राहू शकते. न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्याने, दहा वर्षं निर्वेध गेली की बहुतेक जुन्या शिक्षा एकत्र पुसून घेता येतात. पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये आपोआप झाकण्याची सोय केली, न्यूयॉर्कचा तसा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये लागू झाला. म्हणजे शिळा डेटा दरवर्षी जास्तच शिळा होत जाणार.

भाडेकरू तपासणारी रीतसर कंपनी मात्र १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली येते. ठरलेल्या कारणासाठीच अहवाल द्यायचा, शिक्षा न झालेल्या अटका सात वर्षांपलीकडच्या दाखवायच्या नाहीत, आणि अहवालावरून नकार दिलात तर तसं त्याला कळवायचं. चूक दाखवून दिली की साधारण तीस दिवसांत तपासायची. पैसे द्यायचेच तर इथे द्या. चुका यांच्याही होतात, पण त्या दुरुस्त करायला दरवाजा आहे.

घरमालकांसाठी, थोडं थांबून

वहिनींची खरी चूक साइट निवडण्यात नव्हती, वेळ निवडण्यात होती. न्यू जर्सीत १ जानेवारी २०२२ पासून 'फेअर चान्स इन हाउसिंग' कायदा आहे. उत्पन्न, क्रेडिट, जुने घरमालक हे सगळं बघून आधी सशर्त होकार लेखी द्यायचा. तोवर एक-दोन ठरलेले अपवाद सोडले तर गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही आणि शोधायचंही नाही. होकारानंतर बघता येतं, पण मागे किती जायचं ते ठरलेलं आहे. पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर, दर्जाच्या गुन्ह्याला ६ वर्षं, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाला ४, चौथ्याला १. खून, अपहरण, जाळपोळ अशा मोजक्या गुन्ह्यांना ही मुदत नाही. आणि माणूस तुरुंगात गेला असेल तर वर्षं मोजायची ती शिक्षा भोगून संपल्यापासून. म्हणूनच सुटकेची तारीख अचूक लागते, आणि ती खासगी कुंडलीत हमखास चुकीची किंवा गायब असते. तुरुंग खात्याकडे ती असते. नकार द्यायचा तर कारणासह लेखी.

तुम्ही स्वतः त्याच इमारतीत राहता आणि तिथे चारपर्यंतच घरं असतील तर हा कायदा लागत नाही. आपल्यातल्या तळघर भाड्याने देणाऱ्यांची इथे सुटका होते. ते तळघर टाउनशिपच्या (इथल्या गावच्या पालिकेच्या) कागदावर कायदेशीर आहे का, हा वेगळा विषय.

मग कुणी काय निवडावं

जुना वर्गमित्र किंवा दुरावलेला भाऊ सुटला का एवढंच बघायचंय, तर तुरुंग खात्याची साइट, आणि कैदी क्रमांक माहीत असेल तर नावाच्या भानगडीत पडूच नका. जिवाची भीती असेल तर व्हाइन, आणि ते आजच. लहान मुलं असलेल्या घरात कुणी राहायला येणार असेल तर सूची बघा, पण न्यू जर्सीत भाडेकरूच्या बाबतीत तेही कायद्याच्या क्रमाने. घर किंवा नोकरी द्यायची असेल तर संमती, रीतसर तपासणी कंपनी, आणि काही निघालं तर कोर्टाच्या कागदावर स्वतः ताळा. झटपट कुंडलीची शिफारस मी कुणालाच करत नाही.

पुण्याहून माझी नणंद आली होती, तिला हे सगळं अद्भुतच वाटलं. आपल्याकडे भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यायची, पडताळणी ते करणार. येरवड्यातून कोण कधी सुटला हे नाव टाकून बघायची सार्वजनिक सोय नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांसाठी. सामान्य माणसाच्या हातात उरतं ई-कोर्ट्स. एकेक न्यायालय निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, आणि मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग कारकुनाने कसं केलं असेल याचा अंदाज बांधत बसायचं.

वहिनींनी शेवटी सशर्त होकार लिहून दिला, संमती घेतली, रीतसर कंपनीकडून अहवाल मागवला. त्यात वेग मर्यादा ओलांडल्याचाही दंड नव्हता. भाडेकरू मार्चमध्ये राहायला आला. आणि कानात सांगणाऱ्या गृहस्थांना ती बातमी कुठून कळली होती, ते वहिनींनी मंडळाच्या गुढीपाडव्याला विचारलं. त्यांनीही तीच साइट पाहिली होती.