एएचपी, टॉपसिस आणि साधी बेरीज: आठ महिने वापरल्यावर

आमचा पंपांचे सुटे भाग करायचा छोटा कारखाना. कास्टिंग कोल्हापूर-बेळगावकडच्या आठ फौंड्र्यांकडून येतं. कुणाला किती ऑर्डर द्यायची हे गेले आठ महिने मी एक्सेलमध्ये ठरवतोय, अनेक निकष एकत्र तोलायच्या वेगवेगळ्या पद्धती वापरून. निकष सहा: दर, रिजेक्शन, वेळेवर माल, उधारीचे दिवस, क्षमता, अंतर.

सुरुवात वजनी बेरजेने केली. निकषाला गुण, गुणांना वजन (म्हणजे त्या निकषाचं महत्त्व), झाली बेरीज. सुपरवायझरलाही पाच मिनिटांत कळली. पण यात स्वस्त दर बाकीची सगळी पापं धुऊन काढतो. जिच्या मालात हमखास ब्लोहोल (ओतकामात वायू अडकून झालेल्या पोकळ्या) निघायचे, तीच फौंड्री सलग तीन महिने पहिली! ब्लोहोल दिसतो मशिनिंग झाल्यावर, म्हणजे तोवर आपली मजुरीही भंगारात गेलेली असते.

मग थॉमस साटींची एएचपी (ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस). दोन-दोन निकष समोरासमोर ठेवून १ ते ९ च्या मापात कोण किती वरचढ ते सांगायचं, त्यातून निकषांची वजनं निघतात. सहा निकषांच्या १५ जोड्या होतात, तेवढं ठीक. पण फौंड्र्याही तशाच जोखायच्या तर प्रत्येक निकषाला २८ जोड्या, म्हणजे आणखी १६८ प्रश्न. तिसाव्या प्रश्नानंतर माणूस काहीही आकडे ठोकतो (मीही ठोकले). हिची खरी कमाई वेगळीच. आमच्या शेठनी दर्जाला वेळेपेक्षा वरचढ म्हटलं, वेळेला उधारीपेक्षा, आणि पुढे उधारीला दर्जापेक्षा! अशी उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत ते एएचपी मोजते; ते विसंगतीचं गुणोत्तर ०.१० च्या आत हवं, ते कितीतरी वर गेलं. त्यावरून शेठ आणि क्वालिटीवाले तासभर भांडले. ते भांडण दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

टॉपसिस १९८१ ची, ह्वांग आणि यून यांची. सगळ्यांत चांगल्या आणि सगळ्यांत वाईट अशा दोन काल्पनिक फौंड्र्या धरायच्या आणि प्रत्येकीचं दोघींपासूनचं अंतर मोजायचं; चांगलीच्या जवळ आणि वाईटापासून लांब असेल ती वर. खरे आकडे थेट चालतात, फौंड्र्या आठ असोत की ऐंशी. वजनं मात्र बाहेरून आणावी लागतात. एकदा रिजेक्शन 'कमी तितकं चांगलं' आहे हे शीटमध्ये सांगायचं राहिलं, तर सगळ्यांत रद्दी फौंड्री वर आली. दुसरी खोड जास्त त्रासाची: तळातली एक फौंड्री यादीतून काढली आणि वरच्या दोघींचे क्रम उलटले. तळ बदलला की अंतरंही बदलतात. क्रम उलटण्याचा दोष एएचपीतही आहे, पण हे शेठना पटवताना घाम फुटतो.

प्रोमेथी ही आणखी एक पद्धत महिनाभर चालवून सोडली. किलोमागे पन्नास पैशांचा फरक फरकच धरायचा नाही, अशी मर्यादा तिच्यात घालता येते, हे आवडलं. पण प्रत्येक निकषाची मर्यादा ठरवत कोण बसणार?

आता रिजेक्शन ठरावीक टक्क्यांवर गेलं की ती फौंड्री आधीच बाद. वजनं सहा महिन्यांतून एकदा एएचपीने, महिन्याचा क्रम टॉपसिसने. मग वजनं थोडी मागेपुढे करून बघतो. गेल्या महिन्यात पहिली फौंड्री हलली नाही, दुसरी-तिसरी मात्र सारख्या जागा बदलत होत्या. त्या दोघींना ऑर्डर निम्मी-निम्मी दिली.