दोन-बे नॅस की जुना डेस्कटॉप? वाढत्या स्टोरेजसाठी घरी काय बसवावं

फोटो-व्हिडिओ एका जागी ठेवायचेत, घरातल्या सगळ्यांना ते दिसायला पाहिजेत, पुढे जागा वाढवता यायला पाहिजे आणि खर्च बेतात बसला पाहिजे. एवढं ठरलं असेल तर निवड साधारण दोघांत येते: तयार दोन-बे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा, दोन डिस्क मावणारा स्टोरेजचा बॉक्स, नाहीतर जुना डेस्कटॉप घेऊन त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचंच काम करणारं फुकट सॉफ्टवेअर. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि यूएसबी डिस्क हा तिसरा मार्ग मी बाजूला ठेवतो. बेळगावात वळीव सुरू झाला की लाईट जाते-येते. लाईट आली की पाय आपला आपण उठतो, पण डिस्क लावायचे बटणाचे कितीतरी यूएसबी डॉक कुणी बटण दाबेपर्यंत बंदच राहतात. घरी कोणी नसलं की झालंच मग.

तयार बॉक्स वाईट नाही, हे आधी सांगतो. खानापूरला दाजींच्या घरी मीच तो बसवून दिलाय. संध्याकाळी खोकं उघडलं आणि जेवायला बसेपर्यंत ताईच्या फोनमधले फोटो आपोआप चढायला लागले होते. अ‍ॅप तिला शिकवावं लागलं नाही. पुण्याला शिकणारी भाची तिथून बघते, त्यासाठी राउटरमध्ये हात घालावा लागला नाही. आवाज जवळजवळ नाही, टीव्हीखाली मावतो. दाजी खूश आहेत, म्हणजे रात्री-अपरात्री मला फोन येत नाहीत. याची किंमत कमी समजू नका.

मोठ्या भाचीच्या लग्नानंतर मात्र बॉक्स भरला. फोटोग्राफरने फोर-केचं सगळं कच्चं शूटिंगही दिलं होतं. आत 4 टीबीच्या दोन डिस्क, एकमेकीची नक्कल करणाऱ्या, म्हणजे वापरायला 4 टीबी. दाजी म्हणाले, "एक 8 टीबीची आणून लावू की." लावता येते, पण जागा तसूभर वाढत नाही, कारण जोडीतली लहान डिस्क जेवढी तेवढीच जागा मिळते. एक काढायची, 8 ची लावायची, नक्कल पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मग दुसरी काढून तिथेही 8 ची, पुन्हा थांबायचं. दोन डिस्कांचे पैसे मोजून वाढले चारच टीबी, आणि चांगल्या चालत्या दोन डिस्क कपाटात गेल्या. नियमाप्रमाणे सगळं बरोबरच होतं, तरी मला ते फार खटकलं. माझ्या स्वतःच्या घरचा निर्णय तिथेच झाला म्हणा ना.

डेस्कटॉपवर हाच हिशेब असा होतो. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये मर्जरएफएस आणि स्नॅपरेड असे दोन प्लगइन मिळतात. मर्जरएफएस वेगवेगळ्या मापाच्या डिस्का एकाच फोल्डरसारख्या दाखवतं. स्नॅपरेड एका डिस्कवर पॅरिटी ठेवतं, म्हणजे बाकीच्यांतली एखादी गेली तर तिच्यावरचं परत उभं करता येतं. अट एकच: पॅरिटीची डिस्क डेटाच्या सगळ्यात मोठ्या डिस्कपेक्षा लहान नको. तर, 4 ची डेटाला आणि 4 ची पॅरिटीला असताना एकच 8 टीबी आणली, तिला पॅरिटीवर बसवलं आणि जुनी पॅरिटी रिकामी करून डेटाला दिली, की झाले 8 टीबी. जागा दाजींइतकीच, डिस्क एकच घेतली. आणखी एक 8 ची आणली की थेट 16. कपाटात काही जात नाही, उलट कपाटातलं बाहेर येतं. चार-बेचे बॉक्स हा त्रास बराच कमी करतात, हे खरं. पण त्यांच्या किमती बघितल्या की 'बेतात' हा शब्द आपणच खोडतो. माझ्याकडे तर दोन-बेच्या रिकाम्या बॉक्सच्या पैशांत जुना आय-फाइव्ह टॉवर आणि वर एक नवी डिस्क आली.

आता उणी बाजू. स्नॅपरेडची पॅरिटी त्या-त्या क्षणी होत नाही, ठरलेल्या वेळी होते, माझ्याकडे रात्री. दिवसा टाकलेलं रात्रीपर्यंत उघडंच असतं. फोटो, व्हिडिओ, भजनांची रेकॉर्डिंगं यांना ते चालतं. दुकानाचा टॅलीचा डेटा ठेवायचा असेल तर सरळ बॉक्स घ्या. फोनवरचे फोटो आपोआप चढायला इमिच हे अ‍ॅप बसवावं लागतं, त्यात डॉकरची, म्हणजे असे प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, थोडी खटपट आहे. स्पीडमध्ये मला फरक जाणवला नाही, दोघेही गिगाबिट लॅनपाशीच अडतात.

विजेचं गणित आपल्याकडे जरा वेगळं आहे. बॉक्स 15 वॉट धरला तर महिन्याला 11 युनिट, डेस्कटॉप 40 वॉट धरला तर 29. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत आपल्या जुन्या सरासरीवर थोडी वाढ धरून तेवढे युनिट फुकट, त्यावर गेलं की जादाचे पैसे, आणि 200 ओलांडले की अख्खं बिल. तुम्ही 180-190 वर असाल तर डेस्कटॉपचा मोह आवरा. आमचा आकडा बराच खाली आहे. शिवाय मर्जरएफएसमध्ये फाईल वाचताना ज्या डिस्कवर ती आहे तेवढीच फिरत राहावी लागते, बाकीच्या झोपू शकतात. मीटर लावून मोजलेलं नाही, पण बिलात दचकावं असं काही दिसलं नाही.

घरात तुमच्याशिवाय या भानगडीत पडणारं कोणी नसेल आणि तुम्ही बाहेरगावी असाल, तर बॉक्सच बरा. एरवी मी तरी टॉवरकडे बघेन. टॉवरच म्हणतोय, चपटं कॅबिनेट नव्हे. त्यात मोठ्या डिस्का एक-दोनच मावतात. डिस्क जोडायचे साटाचे चार पोर्ट आहेत का आणि पॉवर सप्लायला तेवढ्या वायरी आहेत का, हे दुकानातच झाकण काढायला लावून बघा, कारण कंपन्यांतून निघालेल्या ब्रँडेड मशिनांत वायरी मोजक्याच असतात. मोलेक्सवरून (पॉवरच्या जुन्या चार पिनांच्या प्लगवरून) साटा करणारे ओतीव प्लॅस्टिकचे स्वस्त कनेक्टर तापून जळू शकतात, ते नकोत. लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) असते, ती चालू करा. छोट्या यूपीएसचे पैसे आधी बाजूला काढा. मशीन जुनं चालेल, डिस्क मात्र नवीच घ्या. आणि नक्कल असो की पॅरिटी, जे फोटो परत मिळणार नाहीत त्यांची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. माझी खानापूरला दाजींच्या बॉक्समध्ये असते.