व्हीएचएफ रेडिओ: बोटीवर नऊ महिने वापरल्यानंतर

आमच्या शिडाच्या बोटीवर नऊ महिन्यांपूर्वी दोन व्हीएचएफ रेडिओ आले, म्हणजे इतर बोटींशी आणि किनाऱ्याशी बोलायचे सेट. एक 25 वॉटचा, कायमचा बसवलेला, डीएससी (एका बटणावर संकटाचा डिजिटल संदेश पाठवायची सोय) आणि एआयएस रिसीव्हर (आसपासच्या जहाजांची नावं आणि ठिकाणं दाखवणारा) असलेला. दुसरा 6 वॉटचा, हातात धरायचा. मोठ्या सेटवर मी आज पूर्ण समाधानी आहे, पण पहिले दोन महिने त्याला उगाच दोष दिला.

झालं असं, की ऐकू सगळं यायचं. चॅनल 16 वरचं, म्हणजे हाक मारायच्या आणि संकटाच्या चॅनलवरचं, जहाजांचं बोलणं अगदी खणखणीत. पण मी माईकचं बटण दाबलं, की स्क्रीन विझायची आणि सेट नव्याने सुरू व्हायचा. 1 वॉटवर नीट बोलता यायचं, 25 वर टाकलं की बंद. दुकानदाराने सेट बदलून दिला, तर दुसऱ्याचंही तेच. शेवटी मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, आणि बटण दाबलेलं असताना सेटच्या मागे जेमतेम 10.4. पूर्ण ताकदीने बोलताना असा सेट पाच-सहा अँपिअर ओढतो, नुसतं ऐकताना त्याचा छोटासा अंशच. मी केबिनमधल्या जुन्या दिव्याची बारीक वायर वाढवून सेटला जोडली होती. बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, फ्यूज बॅटरीजवळ बसवला, आणि तो त्रास त्या दिवसापासून गेला तो गेलाच.

‘किती लांब पोचतो?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर वॉटपेक्षा अँटेनाच्या उंचीत आहे. या लाटा जवळजवळ सरळ रेषेत जातात, क्षितिजाच्या फारशा पलीकडे वळत नाहीत. अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 2.2 ने गुणा आणि दोन्ही बाजूंची बेरीज करा. पल्ला सागरी मैलांत मिळतो. आमची अँटेना डोलकाठीच्या टोकावर, 12 मीटरवर आहे. तशाच दुसऱ्या बोटीशी साधारण 15 मैल, आणि 100 मीटर उंचीवरच्या किनाऱ्यावरच्या केंद्राशी 29-30 मैल. हातातल्या सेटची अँटेना पाण्यापासून दीड मीटरवर असते. तसे दोन सेट एकमेकांशी पाचेक मैलांपर्यंतच बोलतात. शिडाच्या बोटीला 9 डीबीची लांब अँटेना घेऊ नका (डीबी म्हणजे अँटेना ताकद किती एकवटते त्याचं माप). तिचा झोत अरुंद असतो, बोट कलली की एका बाजूला पाण्यात जातो आणि दुसऱ्या बाजूला आभाळात. 3 डीबीची पुरते.

सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर मात्र पैसे वाचवू नका, हे कळकळीने सांगतो. 18 मीटर लांबीची बारीक आरजी-58 केबल टाकली, तर अर्ध्याहून जास्त ताकद वाटेतच जिरते. जाड आरजी-213 ओढायला त्रासदायक, वजनदारही, पण तोटा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहतो. सहाव्या महिन्यात आमचा आवाज दुसऱ्यांना खरखरत जायला लागला. डोलकाठीच्या बुंध्याशी असलेला प्लग उघडला, तर आतली जाळी काळी पडलेली, मधल्या तारेवर हिरवा कळंक, आणि बोटाला खारट ओल लागली. केबल चांगली लागेपर्यंत कापली, नवा प्लग डाग देऊन बसवला आणि वर एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळली. आता दर महिन्याला तिथे हात लावून बघतो.

डीएससीसाठी बोटीचा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे रेडिओवरची तिची ओळख, सेटमध्ये भरावा लागतो. भरताना दोघांनी मिळून वाचा. बऱ्याच सेटमध्ये चुकीचा आकडा घरी दुरुस्त करता येत नाही. झाकणाखालचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं, की चॅनल 70 वरून क्रमांक, ठिकाण आणि वेळ आपोआप जाते. पण सेटला जीपीएस मिळत नसेल, तर ठिकाण हाताने भरावं लागतं, आणि पाणी आत शिरत असताना ते कोण करणार? बटणानंतर 16 वर तोंडी ‘मेडे’ ही संकटाची हाक तीन वेळा द्यायची. बोलायचं सगळं ओळीने लिहून आम्ही कागद सेटशेजारी चिकटवला आहे, कारण मी स्वतःच पाण्यात पडलो तर बायकोला एकटीला बोलायचं आहे.

एआयएसचा खरा उपयोग एका रात्री कळला. मालवाहू जहाजाचे दिवे आमच्या रोखाने येत होते आणि अंतराचा अंदाज लागेना. स्क्रीनवर नाव आलं, मी नावाने हाक मारली, आणि लगेच उत्तर आलं, ‘तुम्ही दिसताय, आम्ही तुमच्या मागून जातो.’ आधी मी ‘उजवीकडचं जहाज’ अशी हाक मारायचो. तिला कुणी उत्तर देत नसे.

हातातला सेट पाण्यावर तरंगतो, मुद्दाम बादलीत टाकून पाहिला. चार्जिंगचे पितळी ठिपके मात्र मिठाने पटकन खराब होतात. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन पुसतो. तो मी ड्रॉवरमध्ये न ठेवता लाइफ जॅकेटला अडकवतो.

तक्रार एकच उरली. मोठा सेट केबिनमध्ये आहे, आणि वारा वाढला की सुकाणूवरून त्याचा आवाज ऐकूच येत नाही. बाहेर जलरोधक स्पीकर आणि दुसरा माईक लावायचा आहे. भोक कुठे पाडायचं ते ठरलंय, होकायंत्रापासून लांब, कारण स्पीकरमधलं चुंबक त्याची सुई फिरवतं.